मूल झपाट्याने वाढतंय? त्या वर्ष-दीड वर्षात हाडांची काळजी कोणत्या क्रमाने घ्यायची

उन्हाळ्यात घेतलेली शाळेची पँट दिवाळीला घोट्याच्या वर येते आणि घरात आनंद होतो. नेमक्या याच काळात पोरगं साधं धडपडलं तरी मनगट मोडून घेतं. मग धावपळ सुरू होते. आधी कॅल्शियमच्या गोळ्या, मग ड जीवनसत्त्वाची तपासणी, मग टॉनिक, आणि खेळाकडे सगळ्यात शेवटी लक्ष. हा क्रम उलटा आहे. हा लेख ९ ते १६ वर्षांच्या मुलामुलींचे पालक, पीटीचे शिक्षक आणि प्रशिक्षक यांच्यासाठी आहे.

आधी एवढं समजून घ्या

उंची आधी वाढते, हाड नंतर भरतं. उंची सर्वांत वेगाने वाढण्याचा काळ मुलींत साधारण साडेअकरा ते बारा वर्षांना येतो आणि मुलग्यांत साडेतेरा ते चौदाला. हाडात खनिज सर्वांत वेगाने भरण्याचा काळ त्यानंतर सहा महिने ते वर्षभराने येतो. कॅनडात सस्कॅचवान विद्यापीठाने १९९१पासून त्याच त्या मुलांना वर्षानुवर्षं मोजलं, तेव्हा खनिज भरण्याचा कळस मुलींत साडेबाराला आणि मुलग्यांत चौदाला दिसला. त्याच्या आसपासच्या दोन वर्षांत प्रौढ हाडातल्या खनिजाचा सुमारे पाव हिस्सा जमा होतो.

मधल्या काळात हाड लांब झालेलं असतं, पण त्याची भिंत पातळ आणि सच्छिद्र असते. बांधकामावर नवी भिंत उभी राहिली तरी पाणी मारून ती मुरू द्यावी लागते. तिच्यावर लगेच स्लॅब टाकत नाहीत. तसंच हे आहे. मनगटाशी तर ही तफावत फारच असते. पुढच्या हाताच्या अंगठ्याकडच्या हाडाची, म्हणजे रेडियसची, तीन चतुर्थांशाहून जास्त लांबी मनगटाकडच्या ग्रोथ प्लेटमधून (हाडाच्या टोकाजवळचा कूर्चेचा थर, जिथून हाड लांब होतं) वाढते. म्हणून तिथलं हाड सगळ्यात नवं आणि सगळ्यात कच्चं असतं. पडताना हात टेकला की तेच मोडतं.

शिवाय वजन वाढलेलं असतं आणि हातपाय लांब झालेले असतात, त्यामुळे पडल्यावर बसणारा झटकाही मोठा असतो. स्नायूंचा ताबा मागून येतो. मूल वेंधळं झालंय असं वाटतं, ते त्यामुळेच.

तयारी: काय जमवून ठेवायचं

- न ताणली जाणारी मोजपट्टी. सुताराची धातूची टेप उत्तम. शिंप्याची कापडी टेप वापरून वापरून ताणते, ती नको.
- सरळ भिंत. खाली पट्टी (स्कर्टिंग) नसलेला भाग निवडा, नाहीतर टाच भिंतीला टेकत नाही.
- एक काटकोनी वस्तू. जाड पुठ्ठ्याची पुस्तकाची पेटी चालते.
- एक वही. तारीख, वेळ, उंची, वजन, बुटाचा नंबर आणि कुठे दुखलं-खुपलं याची नोंद एकाच ठिकाणी.
- भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे (आयएपी) २०१५चे ५ ते १८ वयाचे वाढीचे तक्ते. मुलींचा वेगळा, मुलग्यांचा वेगळा. बालरोगतज्ज्ञांकडे मिळतात.

## टप्पा १: उंची नीट मोजा

१. सकाळी मोजा आणि दर वेळी त्याच वेळेला मोजा. दिवसभर उभं राहून, चालून मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळी उंची जवळपास १ सेंमीने कमी भरू शकते.

२. बूट-मोजे काढा. मुलींची वेणी, अंबाडा, डोक्यावरची क्लिप सोडा.

३. टाचा, नितंब आणि खांद्यांची पाठ भिंतीला टेकवा. गुडघे सरळ.

४. नजर समोर. डोळ्याची खालची कड आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत हवं. हनुवटी वर उचलली की आकडा चुकतो.

५. पेटीची एक बाजू भिंतीला सपाट टेकवून ती डोक्यावर उतरवा, केस दाबले जातील एवढी. पेटीच्या खालच्या कडेशी पेन्सिलीची खूण करा.

६. मुलाला बाजूला करून पुन्हा उभं करा आणि पुन्हा मोजा. दोन आकड्यांत अर्ध्या सेंमीपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा आणि जवळच्या दोहोंची सरासरी लिहा.

दर तीन महिन्यांनी एकदा पुरे. दर आठवड्याला मोजलं तर वाढ कळत नाही, मोजण्यातली चूकच दिसत राहते आणि मूल वैतागतं ते वेगळंच.

तपासा: दाराच्या चौकटीवरच्या जुन्या खुणा आठवण म्हणून छान, पण त्यांवरून वेग काढू नका. त्या कोणी, कधी, चप्पल घालून की न घालता केल्या हे कुणालाच आठवत नसतं.

## टप्पा २: वेग काढा आणि काळ ओळखा

गणित सोपं आहे. दोन मोजण्यांतला फरक घ्या, मधल्या महिन्यांनी भागा, बाराने गुणा.

समजा १ जूनला १४१.२ सेंमी आणि १ सप्टेंबरला १४३.४ सेंमी भरली. तीन महिन्यांत २.२ सेंमी, म्हणजे वर्षाला ८.८. इथे घाई करू नका. मोजण्यात अर्ध्या सेंमीची चूक झाली असेल तर बाराने गुणताना ती २ सेंमी होते. १ डिसेंबरला पुन्हा मोजा. १४५.३ आली तर सहा महिन्यांत ४.१, म्हणजे वर्षाला ८.२. आता खात्रीने म्हणता येतं की मूल झेपेत, म्हणजे उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात, आहे.

ताडून पाहायला ढोबळ आकडे असे:

- झेपेच्या आधी: वर्षाला ५ ते ६ सेंमी
- झेपेच्या कळसाला: मुलींत वर्षाला ८ सेंमीच्या आसपास, मुलग्यांत ९ ते १०
- पहिल्या पाळीनंतर: बहुतेक मुलींची एकूण ५ ते ७ सेंमी वाढ उरलेली असते

वेगाने ७ ओलांडली की पुढचे टप्पे सुरू करा आणि तो ओसरल्यावर आणखी वर्षभर चालू ठेवा. हाड त्या वर्षभरात भरतं. बहुतेक पालक नेमके इथे चुकतात. उंची थांबली म्हणजे काम संपलं असं समजून दूधही थांबतं आणि खेळही.

टेपेखेरीज काही खुणाही पाहा. पाऊल सगळ्यांत आधी वाढतं, त्यामुळे वर्षात दोनदा बूट बदलावे लागले तर झेप दाराशी आहे. मुलींत छाती उमलू लागणं ही सुरुवातीची खूण. मुलग्यांत आवाज फुटतो तेव्हा झेप सुरू होऊन गेलेली असते, म्हणून आवाजाची वाट पाहू नका.

सावधान: वयावरून अंदाज बांधू नका. सातवीच्या एकाच वर्गात झेप संपलेली मुलगी आणि झेप सुरूही न झालेला मुलगा शेजारी बसलेले असतात. दोघांना एकच व्यायाम आणि एकच संघ देणं हीच शाळांत सर्रास होणारी चूक आहे. मात्र मुलीला आठव्या आणि मुलग्याला नवव्या वाढदिवसाआधीच ही लक्षणं दिसू लागली तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

## टप्पा ३: खेळाचा भार आधी सांभाळा

हा टप्पा आहारापेक्षा आधी घेण्याचं कारण सरळ आहे. आज प्यायलेलं दूध हाडात दिसायला महिने लागतात, खेळाचा भार आज संध्याकाळीच कमी करता येतो.

होतं असं की मूल अचानक उंच झालं की प्रशिक्षकाची नजर त्याच्यावर जाते. त्याला वरच्या वयोगटात घेतात, गोलंदाजी जास्त देतात, सरावाचे दिवस वाढवतात. ज्या वर्षी हाड सर्वांत कच्चं, त्याच वर्षी भार दुप्पट.

करायचं ते असं:

१. संघटित सरावाचे आठवड्याचे तास मोजा. ते मुलाच्या वयाच्या आकड्याच्या वर जाऊ देऊ नका. १२ वर्षांच्या मुलाला आठवड्याला १२ तास ही वरची हद्द. शाळेचा संघ, क्लब आणि शिबिर यांचे तास एकत्र धरा. प्रत्येक प्रशिक्षक फक्त स्वतःचे तास मोजतो, बेरीज पालकांनाच करावी लागते.

२. आठवड्यात किमान एक दिवस पूर्ण सुट्टी, शक्यतो दोन.

३. एकच खेळ वर्षभर नको. वर्षात काही महिने दुसरा खेळ खेळू द्या, म्हणजे त्याच हाडावर तोच ताण पडत राहत नाही.

४. झेपेच्या काळात सरावाचे तास वाढवू नका. आहेत तेवढे ठेवा आणि त्यातला थोडा वेळ तोल सांभाळणं, नीट उतरणं, पडताना अंग गुंडाळून घेणं यांच्यावर द्या.

वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलांचं वेगळं सांगायला हवं. चेंडू टाकताना कंबर एकाच वेळी मागे वाकते, एका बाजूला झुकते आणि वळते. कमरेच्या मणक्याच्या मागच्या बारीक कमानीवर तोच ताण हजारदा पडला की तिला तडा जातो. इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाच्या मार्गदर्शक नियमांत १३ वर्षांपर्यंतच्या वेगवान गोलंदाजाला एका स्पेलमध्ये (गोलंदाजीच्या एका सलग हप्त्यात) ५ आणि दिवसात १० षटकांची मर्यादा आहे. आपल्याकडे सामन्यातली षटकं मोजतात, नेटमधली मोजतच नाहीत. चेंडू नेटमध्ये टाकला म्हणून मणक्यावरचा ताण कमी होत नाही. वहीत दोन्ही लिहा.

मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक्समध्ये शरीराचा भार मनगटावर येतो. झेपेत असलेल्या मुलाला हात टेकल्यावर मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दुखत असेल, तर हातावर भार येणारे प्रकार थांबवा. पायाचे आणि पोटाचे प्रकार चालू ठेवता येतात.

तपासा: सराव संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखणं उरलंय का? उरत असेल तर भार जास्त आहे, मूल कितीही "मला काही होत नाही" म्हणालं तरी.

## टप्पा ४: ताटातलं कॅल्शियम मोजा

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशींनुसार रोजची गरज अशी: ७ ते ९ वर्षं ६५० मिग्रॅ, १० ते १२ वर्षं ८५० मिग्रॅ, १३ ते १५ वर्षं १००० मिग्रॅ, १६ ते १८ वर्षं १०५० मिग्रॅ.

आता नेहमीचा दिवस धरा. सकाळी चहा-पोळी, डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी, चारला वडापाव, रात्री वरण-भात. दोन कप चहात मिळून १०० मिली दूध धरलं तरी दिवसाची बेरीज अडीचशे-तीनशेच्या वर जात नाही. पोट भरलेलं असतं आणि हाड उपाशी राहतं.

बारा वर्षांच्या मुलीसाठी हाच दिवस थोडा बदलून पाहा:

- दूध २०० मिली: सुमारे २४० मिग्रॅ
- नाचणीची एक भाकरी (५० ग्रॅम पीठ): सुमारे १८०
- दही एक वाटी (१०० ग्रॅम): सुमारे १२०
- मेथीची भाजी (७५ ग्रॅम निवडलेला पाला): सुमारे २००
- तिळाची चटणी, एक मोठा चमचा (१० ग्रॅम न सोललेले तीळ): सुमारे १२०

बेरीज ८६०. डाळ-उसळींतून आणखी थोडं मिळतं. यात महाग असं काही नाही आणि घरात दूध-दही येत असेल तर वेगळं काही आणावंही लागत नाही.

आता चुका. इथे सगळ्यांत जास्त होतात.

*पालकावर भिस्त ठेवणं.* पालकात कॅल्शियम आहे, पण त्यातलंच ऑक्झलेट नावाचं द्रव्य त्याला बांधून ठेवतं. दुधातल्या कॅल्शियमचा साधारण तिसरा हिस्सा अंगी लागतो, पालकातला विसावा हिस्साच. राजगिऱ्याच्या पाल्यातही ऑक्झलेट बरंच असतं. पालक खाऊ द्या, फक्त हाडांच्या हिशोबात धरू नका. मेथी आणि शेवग्याचा पाला धरा.

*तिळालाच मुख्य आधार करणं.* तिळाच्या सालीत कॅल्शियम असतं तसं ऑक्झलेटही असतं. सोललेले पांढरेशुभ्र तीळ घेतले तर कॅल्शियमच बरंच कमी होतं. तीळ जोडीला ठीक. भाजून, कुटून द्या. अख्खे तीळ न चावता गिळले जातात.

*नाचणीचं गाळलेलं सत्त्व.* नाचणीचं कॅल्शियम मुख्यतः दाण्याच्या सालीकडच्या भागात असतं. भिजवून, वाटून, फडक्यातून गाळलं की चोथ्याबरोबर ते बरंचसं जातं. वाढत्या मुलाला भाकरी, घावन किंवा मोड आणून दळलेल्या न गाळलेल्या पिठाची आंबील द्या.

*ताक म्हणजे दही असं धरणं.* एका वाटी दह्याचं तीन पेले ताक केलं तर प्रत्येक पेल्यात वाटीचा तिसरा हिस्सा. "रोज ताक पितो" ऐकल्यावर किती दह्याचं ते विचारा.

*दूध पचत नाही म्हणून सगळंच बंद.* ज्यांना दुधाने पोट फुगतं त्यांना बहुधा दही आणि पनीर चालतं. किनारपट्टीवर बारीक मासे आणि सुकट-जवळा हाडं-कवचांसकट खाल्ले जातात, तो उत्तम मार्ग आहे. सुक्या मासळीतलं मीठ मात्र धुऊन काढा. जास्त मिठाबरोबर लघवीतून कॅल्शियम जातं.

*प्रथिनं विसरणं.* हाडाचा सांगाडा प्रथिनाचा, खनिज त्यात बसतं. १३ ते १५ वर्षांच्या मुलग्याला रोज सुमारे ४५ ग्रॅम, मुलीला ४३ ग्रॅम प्रथिनं लागतात. उसळ, डाळ, दूध, अंडी, मासे यांतून ती भागतात. उंची वाढवण्याच्या जाहिराती करणाऱ्या पावडरींची गरज नाही. डब्यावरची साखर वाचा म्हणजे लक्षात येईल.

गोळी केव्हा? ताटातून निम्मंही जमत नसेल तेव्हा, डॉक्टरांना विचारून. १२५० मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेटच्या गोळीत प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिग्रॅ असतं. ती जेवणाबरोबर घ्यायची आणि एका वेळी ५००पेक्षा जास्त नाही, कारण त्याहून जास्त एकदम शोषलं जात नाही.

सावधान: शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी आणि कॅल्शियम एका वेळी देऊ नका. दोन्ही एकत्र पोटात गेल्यावर लोह कमी शोषलं जातं. मध्ये किमान दोन तास ठेवा.

## टप्पा ५: ऊन आणि ड जीवनसत्त्व

ड जीवनसत्त्व कमी असेल तर आतडं कॅल्शियम नीट घेत नाही आणि टप्पा ४ बराचसा वाया जातो. रोजची गरज ६०० आययू (जीवनसत्त्व मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक). आहारातून एवढं मिळणं अवघड, म्हणून ऊन.

सकाळचं कोवळं ऊन हाडांना चांगलं ही समजूत घट्ट आहे. पण त्वचेत ड तयार करणारे किरण कोवळ्या उन्हात जवळजवळ नसतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे सावली. ती आपल्या उंचीपेक्षा लहान असेल तेव्हाच ऊन कामाचं. मे महिन्यात साडेनऊच्या सुमारासच सावली आखूड होते, म्हणून विदर्भ-मराठवाड्यात भर दुपारी उन्हात जायची गरज नाही. पुण्यात डिसेंबरात मात्र साडेअकरा ते दीडच्या दरम्यानच ती उंचीपेक्षा लहान असते. शाळेची मधली सुट्टी नेमकी त्याच वेळी असते. मुलं वर्गात डबा खातात त्याऐवजी मैदानात अर्धा तास गेली तर काम होतं.

हात आणि पाय उघडे असावेत. काचेच्या खिडकीतून आलेलं ऊन चालत नाही, काच ते किरण अडवते. सावळ्या त्वचेला जास्त वेळ लागतो.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी लक्षात ठेवा, तिथे शरद आणि हिवाळ्यात उन्हातून ड मिळतच नाही. तिथल्या सरकारी सल्ल्यानुसार त्या महिन्यांत रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० आययू, घेण्याचा विचार करावा.

सावधान: ६०,००० आययूची पुडी हे औषध आहे. आठवड्याला एक सांगितलेली पुडी रोज एक दिल्याने, किंवा कोर्स संपल्यावरही महिनोन्‌महिने चालू ठेवल्याने, रक्तात कॅल्शियम वाढतं. उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान आणि सारखी लघवी अशी लक्षणं दिसली तर पुडी थांबवा आणि त्याच दिवशी दाखवा. डॉक्टरने लिहिल्याप्रमाणे तारखा कॅलेंडरवर मांडून ठेवा.

## टप्पा ६: थोड्या उड्या, रोज

हाडाला सांगावं लागतं की मजबूत हो. ते सांगणं म्हणजे झटका. थोडका, जलद, वेगवेगळ्या दिशेने आलेला. पोहणं आणि सायकल हृदयाला उत्तम, पण हाडाला झटका देत नाहीत. लंगडी, खो-खो, लगोरी, दोरीवरच्या उड्या देतात.

हाडाच्या पेशी सारख्या झटक्यांना लवकर सरावतात आणि प्रतिसाद देणं थांबवतात. मध्ये काही तास गेले की पुन्हा जाग्या होतात. म्हणून एकदम शंभरपेक्षा दिवसातून तीनदा दहा-दहा बऱ्या. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या शाळांत मुलांना रोज तीन वेळा दहा उड्या मारायला लावल्या, तेव्हा वर्षाअखेर खुब्याजवळच्या हाडात खनिज जास्त भरलेलं आढळलं. असा कार्यक्रम आपल्या कुठल्याही शाळेत फुकटात बसतो.

१. जागा मातीची किंवा लाकडी. फरशी, काँक्रीट नको. पायात बूट.

२. पहिले दोन आठवडे पाच-पाच उड्या, नंतर दहा.

३. दोन्ही पायांवर उडी, शक्य तेवढी उंच. प्रत्येक उडीनंतर क्षणभर थांबा.

४. उतरताना गुडघे वाकलेले आणि पावलांच्या रेषेत. गुडघे आत झुकत असतील तर उंची कमी करा. धप्प आवाज येत असेल तर उतरणं चुकतंय.

५. एक दिवस सरळ, एक दिवस पुढे-मागे, एक दिवस डावी-उजवीकडे.

टप्पा ३मध्ये जास्त उड्यांचा सराव असलेल्या मुलांना (खो-खो, बास्केटबॉल, व्हॉलीबॉल) हा टप्पा वेगळा नको. त्यांच्या हाडांना आधीच पुरेसं मिळतंय.

सावधान: "उंची वाढते" म्हणून रोज हजार दोरीच्या उड्या मारणं किंवा बारला लटकणं यांनी उंची वाढत नाही. हजार उड्यांनी टाच आणि नडगी दुखायला लागते, एवढंच.

## टप्पा ७: दुखणं ओळखा

"वाढीचं दुखणं आहे, होईल बरं" हे वाक्य सर्वांत घातक. खरं वाढीचं दुखणं बहुधा लहान मुलांत दिसतं. ते संध्याकाळी किंवा रात्री दोन्ही पायांच्या स्नायूंत होतं आणि सकाळी मूल ठणठणीत असतं. लंगडणं, सूज, एकाच जागी दुखणं यांतलं काही असेल तर ते वाढीचं दुखणं नाही.

- गुडघ्याच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला उंचवटा आणि दाबल्यावर दुखणं: झेपेत खेळणाऱ्या मुलांत नेहमीचं. मांडीचा ताणलेला स्नायू ग्रोथ प्लेटला ओढतो. उड्या-धावणं कमी करा, खेळल्यावर कापडात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं लावा. वाढ पूर्ण झाली की थांबतं.
- टाचेच्या मागे दुखणं: ८ ते १४ वयात, बहुधा नवे स्पाइक किंवा सपाट तळव्याचे बूट घातल्यावर. मऊ टाचेचे बूट आणि थोडे दिवस कमी धावणं.
- वेगवान गोलंदाजाची कंबर: मागे वाकल्यावर एका बाजूला दुखतं, दोन आठवड्यांपेक्षा जास्त. गोलंदाजी पूर्ण बंद. एक्स-रे स्वच्छ आला तरी तडा असू शकतो, एमआरआयची गरज पडू शकते.
- गुडघा दुखतो, पण गुडघ्यात काहीच सापडत नाही, मूल लंगडतं आणि पाऊल बाहेर वळलेलं आहे: खुबा तपासा. झेपेच्या काळात, विशेषतः वजन जास्त असलेल्या मुलांत, मांडीच्या हाडाचा गोळा ग्रोथ प्लेटवरून सरकतो आणि दुखणं मात्र गुडघ्यात जाणवतं. मुलाला चालू देऊ नका, त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे उचलून न्या. दोन्ही खुब्यांचा एक्स-रे मागा. गुडघ्याचाच काढून परत पाठवल्याने यात आठवडे जातात आणि खुबा कायमचा बिघडतो.

रात्री झोपेतून उठवणारं एकाच हाडाचं दुखणं, वाढत जाणारी गाठ, ताप, वजन उतरणं यांपैकी काहीही असेल तर थांबू नका. हाडाचा कर्करोग विरळा आहे, पण तो याच वयात आणि बहुधा गुडघ्याजवळ होतो.

## टप्पा ८: पडल्यावर पहिली वीस मिनिटं

१. बांगड्या, कडं, घड्याळ, मनगटाचा दोरा, अंगठी लगेच काढा. सूज चढली की निघत नाहीत.

२. हात आहे त्याच स्थितीत ठेवा. दोन-तीन वर्तमानपत्रं घडी करून खाली आधार द्या, ओढणीने सैल बांधा आणि गळ्यात झोळी करा.

३. बोटांचा रंग पाहा, स्पर्श कळतो का ते विचारा. बोटं पांढरी, थंड किंवा बधिर असतील तर तातडीने रुग्णालय.

४. हात वाकडा दिसत असेल तर खायला-प्यायला देऊ नका. भूल द्यावी लागू शकते.

चोळू नका, ओढू नका, "बसवायला" नेऊ नका. ग्रोथ प्लेट जिथे मोडते तिथे ओढाताण केली तर त्या बाजूची वाढ खुंटू शकते आणि हात-पाय वाकडा वाढू शकतो. बांबूच्या पट्ट्यांनी घट्ट बांधलेल्या हातात रक्त फिरणं थांबून बोटं काळी पडू शकतात.

हाडाच्या टोकाशी बोट ठेवल्यावर नेमकं दुखत असेल, तर पहिला एक्स-रे स्वच्छ आला तरी "मुरगळलंय" म्हणून सोडू नका. ग्रोथ प्लेटची मोड पहिल्या फोटोत दिसतेच असं नाही. आधार देऊन सात-दहा दिवसांनी पुन्हा दाखवा. ग्रोथ प्लेट मोडली असेल तर बरं झाल्यावरही सहा महिने ते वर्षभराने वाढ तपासून घ्यावी लागते.

प्लॅस्टर निघालं की मूल दुसऱ्या दिवशी मैदानात जायला बघतं. पुढच्या हाताचं हाड मधल्या भागात मोडलं असेल तर ते पुन्हा मोडण्याचा धोका काही महिने राहतो. कबड्डी, फुटबॉल, स्केटिंग केव्हा सुरू करायचं ते डॉक्टरांकडून वहीत लिहून घ्या.

## टप्पा ९: तपासण्या, आणि त्या कुणाच्या

धडधाकट, खेळणाऱ्या, खाणाऱ्या मुलाची ड जीवनसत्त्वाची किंवा हाडांच्या घनतेची सरसकट तपासणी करायची गरज नसते. पुढीलपैकी काही असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारा:

- दहा वर्षांच्या आत लांब हाडं दोन वेळा, किंवा १९च्या आत तीन वेळा मोडली
- फार काही न लागता मणक्याचं हाड दबलं
- झेपेच्या वयात पाय नव्याने बाहेर किंवा आत वाकू लागले, जिने चढताना, जमिनीवरून उठताना त्रास
- पोटातून दीर्घकाळ स्टिरॉइड किंवा फिटांची औषधं चालू आहेत
- मुलीची पाळी १५व्या वर्षापर्यंत आली नाही, किंवा खेळणारी, डाएट करणारी मुलगी आणि सुरू झालेली पाळी तीन महिने थांबली

शेवटचा मुद्दा घरात लपवला जातो. पाळी थांबणं म्हणजे शरीराला खर्चाएवढं खाणं मिळत नाही आणि हाड भरणं थांबलंय. मुलीशी याबद्दल मोकळेपणाने बोला, वजनावरून टोमणे मारू नका.

डेक्सा (हाडांची घनता मोजणारी) तपासणी झाली तर अहवालात झेड-स्कोअर पाहा. तो त्याच वयाच्या मुलांशी तुलना करतो. टी-स्कोअर तरुण प्रौढाशी तुलना करतो, मुलाचा तो नेहमीच कमी येणार. शिबिरांत टाचेवर यंत्र लावून मुलांना "हाडं ठिसूळ" असं लिहून देतात, तो कागद बाजूला ठेवा. वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या मुलाची घनता डेक्सामध्ये खोटी कमी दिसते, म्हणून अहवाल बघणाऱ्या डॉक्टरांना टप्पा १ची वही दाखवा. त्यातले उंचीचे आकडे त्यांना लागतील.